नाटकात सगळे सारखेच

नाटक लिहायला कोणाची ना नाही. पण लिहिलंच, तर शेवटच्या प्रवेशात कोण कोणाच्या पाया पडतं हे लेखकानं जाहीर वाचनाआधी शांतपणे पाहून घ्यावं. किसनराव खंडाऱ्यांनी ते पाहिलं नाही. त्यात पाहण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही, आणि पुढे जो गोंधळ झाला तो सगळा त्या एका ओळीपासून सुरू झाला.

किसनराव अमरावतीला एका सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरीचं नाव सांगत नाही. तिथली काही मंडळी अजून पेन्शन खातात आणि त्यांना तेवढंच एक सुख उरलं आहे. नवा महाराष्ट्र होऊन एखाद-दोन वर्षं झाली होती, आणि वऱ्हाडातल्या कचेऱ्यांना पुण्याकडचे साहेब नव्यानंच लाभू लागले होते. असेच एक साहेब बदलून आले. त्यांना इथल्या उन्हाचा त्रास व्हायचा, इथल्या बोलण्याचा त्याहून जास्त व्हायचा, आणि संध्याकाळी करायचं काय हा प्रश्न तर फारच छळायचा. तेवढ्यात खात्यातल्या कचेऱ्यांची नाट्यस्पर्धा अकोल्याला होणार असल्याचं कळलं.

"आपल्याकडे कुणी लिहितं का हो?" साहेबांनी हेडक्लार्क रामरावांना विचारलं.

"खंडारे लिहिते साहेब," रामराव म्हणाले. "मसुदे चांगले असते त्याचे."

मसुदा आणि नाटक यांत फरक असतो ही गोष्ट सरकारी नोकरीत हळूहळू पुसट होत जाते. किसनरावांनी होकार दिला आणि महिनाभरात 'राजा सुवर्णसेन' नावाचं तीन अंकी नाटक लिहून काढलं. त्यात राजा होता, मारामारीला सेनापती होता, जखमा बांधायला वैद्य होता, धूर काढायला मांत्रिक होता, अंधारात फिरणारा हेर होता, राणी होती आणि पाणी आणून द्यायला एक सेवक होता. शत्रू चालून येतो, सगळे आपापल्या परीनं लढतात, राजा सगळ्यांना वाचवतो. राजाचं काम किसनरावांनी स्वतःसाठी ठेवलं. ज्यानं चूल पेटवली त्यानं पहिली भाकर खावी, एवढाच त्यांचा विचार होता.

घरी दोन खोल्या. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली आरसा. त्या आरशासमोर डोक्याला टॉवेल गुंडाळून किसनराव रोज संध्याकाळी राजासारखं चालून पाहायचे. खोली लहान असल्यामुळे राजाला चार पावलं टाकली की वळावं लागायचं.

"राजे," त्यांची बायको ललिता म्हणायची, "रॉकेल संपलं. प्रजा अंधारात बसन."

पण तिलाही आतून बरं वाटत होतं, नाहीतर तिनं तो टॉवेल कधीच वाळत घातला असता.

किसनरावांची आई मैनाबाई दर्यापूरजवळच्या खेड्यात राहायची. एका रविवारी जाऊन त्यांनी तिला बातमी दिली. म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "खुर्चीवर बसशीन का?"

"सिंहासनावर. डोक्यावर मुकुट."

"आन बाकीचे?"

"बाकीचे खाली उभे."

"कोन कोन?"

किसनरावांनी नावं सांगितली. आडनावांसकट सांगितली. मैनाबाईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मंग मी येईन अकोल्याले." जन्मात ती दर्यापूरच्या बाजारापलीकडे गेली नव्हती. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं की मैनाबाईचा किसन राजा होऊन राहिला, आणि चार-पाच जण तिच्यासोबत यायला निघाले होते. किसनराव परत येताना मोटारीत खिडकीशी बसून विचार करत होते की आता काहीही होवो, आईला एकदा मुकुटात दिसलंच पाहिजे. नाटकाचं बक्षीस वगैरे त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

वाचन कचेरी सुटल्यावर झालं. साहेब दौऱ्यावर होते. पहिल्या अंकाला सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या अंकाला कचेरीची तिजोरी सांभाळणाऱ्या नाझर देवरावांनी, ज्यांना सेनापती करायचं ठरलं होतं, खुर्चीतल्या खुर्चीत दोन वार करून पाहिले. तिसरा अंक संपत आला आणि किसनरावांनी शेवटची सूचना वाचली, "सर्वजण एकेक करून पुढे येतात आणि राजाच्या चरणांवर मस्तक ठेवतात. पडदा."

जुन्या नाटकांत शेवट असाच असतो. किसनरावांनी पाहिलेल्या प्रत्येक नाटकात तो असाच होता, म्हणून त्यांनी तो लिहिला. त्यात त्यांचा काही डाव नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पण मांत्रिक होणाऱ्या रामरावांचा अडकित्ता सुपारीवर थांबला. रेकॉर्ड कीपर शालिकराम, जे वैद्य होणार होते, ते छताकडे पाहू लागले. पंखा त्या कचेरीत नव्हता, त्यामुळे छताकडे पाहण्यासारखं तसं काही नव्हतं.

शेवटी रामराव म्हणाले, "नाटक झकास आहे. पण तोल नाही बाप्पा."

"तोल?"

"भूमिकांचा. कोनाचं काम लय जड, कोनाचं लय हलकं. असं कसं जमन?"

रामराव स्वतःला सुधारक म्हणवायचे, आणि तसे होतेही. किसनरावांनी दीक्षा घेतल्याला पाच-सहा वर्षं झाली होती. रामराव चारचौघांत त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे, आणि ठेवल्यावर सगळ्यांनी पाहिलं का हेही बघायचे. पण खांदा वेगळा आणि पाय वेगळा. खांद्यावर हात ठेवणारा वरच असतो. किसनराव खंडाऱ्यांच्या पायावर डोकं ठेवायचं, तेही अकोल्याच्या लोकांसमोर, हे त्या खोलीतल्या एकालाही घशाखाली उतरत नव्हतं, आणि एकालाही ते तोंडानं म्हणता येत नव्हतं. म्हणून त्या दिवशी कचेरीत तोलाचा जन्म झाला.

दुसऱ्या दिवशी देवराव टेबलाशी आले. देवराव अंगानं पैलवान आणि मनानं नाझर. त्यांना प्रत्येक गोष्ट मोजून लागायची. "मी सेनापती," ते म्हणाले, "आन सबन नाटकात दोनच मानसं मारतो? दोन त आमच्या गावात शिपाईबी मारते."

किसनरावांनी विचार केला, वाढवू या. माणसाचं मन राखावं. दुसऱ्या अंकात सेनापती शत्रूचं सगळं सैन्य एकटा कापून काढतो असं केलं. त्याबरोबर शालिकराम आले. "याईनं सारेच मारले, त मी औषध कोनाले देऊ? मेलेल्याले?" शालिकराम बारीक होते, आवाज बारीक होता, पण हक्काची जाणीव जाड होती. किसनरावांनी वैद्याला एक मुळी दिली, जिनं मेलेला माणूस उठतो. पुढच्या तालमीत देवराव मारत सुटले आणि शालिकराम उठवत सुटले. शत्रूचं काम करणारा जावक कारकून एकाच प्रवेशात तीनदा मेला, तीनदा उठला, आणि चौथ्यांदा देवरावांनी तलवार उगारली तेव्हा तो म्हणाला, "मले आता घरी जाऊ द्या, जेवाचं हाय." आणि तो खरंच गेला.

"मारून फायदा काय?" देवराव चिडले. "हा उठवून राहिला ना. यानं माह्या तलवारीची किंमतच काढून टाकली."

मग दोघांनाही आवरेल असा मंत्र मांत्रिकाला दिला. त्याच्या एका फुंकरीनं तलवार थांबे आणि मुळीही वाळे. हे कळल्याबरोबर मांत्रिक व्हायला कचेरीत रांग लागली. राणीचं काम ज्यांना दिलं होतं त्यांनी मिशी काढायला साफ नकार दिला आणि मिशीवाला मांत्रिक शास्त्राला धरून असतो असं सुचवलं. हेराची तक्रार निराळीच होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत तो अंधारात असतो, लोकांना दिसतच नाही. "मंग मी आलो हे माह्या बायकोले कसं समजन?" तो म्हणाला. म्हणून हेराच्या हाती कंदील दिला. हातात कंदील घेऊन टेहळणी करणारा हेर उभ्या वऱ्हाडात तो पहिलाच असावा.

हे सगळं जिथून दिलं जायचं ती जागा एकच होती. सेनापतीला पराक्रम दिला तो राजाचा काढून. वैद्याला दया दिली ती राजाची. मांत्रिकाचा दरारा, हेराची हुशारी, सगळं सुवर्णसेनाच्या अंगावरून एकेक उतरवलं. राजाजवळ आता फक्त मुकुट आणि सिंहासन राहिलं होतं. किसनराव स्वतःच्या हातानं आपल्या राजाला कापत होते आणि आई येणार आहे एवढं धरून बसले होते.

एके दिवशी त्यांनी सरळ विषयच काढला. "रामराव, ते शेवटचं पाया पडनं मी काढून टाकतो. नुसता मुजरा ठेवतो. नाहीतर मुजराबी नाही."

रामरावांना फार वाईट वाटलं. "छे छे खंडारे. त्याच्याबद्दल कोनी काही म्हटलं का? कलेत हे कायचं आलं? तुमच्याच मनात असं काहून येते मले समजत नाही. प्रश्न तोलाचा आहे."

किसनराव 'चुकलं माझं' म्हणून खाली मान घालून परत आले. दुखावले ते होते, आणि माफीही त्यांनीच मागितली होती. असं त्यांच्या आयुष्यात पुष्कळदा झालं होतं, पण नाटकाच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं.

प्रकरण मग योग्य मार्गानं साहेबांकडे गेलं. साहेबांनी ते शांतपणे ऐकलं. "हे समतेचं युग आहे," ते म्हणाले, "नाटकातल्या सगळ्या भूमिका समान असल्या पाहिजेत. खंडारे, तुम्हाला तर हे मी सांगायला नको." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते इंग्रजीत करून फाइलवरही लिहिलं. आता समान म्हणजे किती समान, याचा खुलासा वरून येईना आणि खालच्यांना विचारायची हिंमत होईना.

तोड सुचवली शेजारच्या शेषराव मास्तरांनी. मास्तर रिटायर झालेले, दिवसभर ओट्यावर बसून ज्यानं त्यानं काय करावं हे सांगायचे, आणि वाईट हे की त्यांचं बरेचदा बरोबर निघायचं.

"आमच्या गावी तीन पाटील," मास्तर म्हणाले. "पोळ्याचं तोरन तोडाचा मान कोनाचा याच्यावरून दरसाल डोकी फुटे. मंग पाळ्या लावल्या. एक साल याची, एक साल त्याची. तुमीबी पाळ्या लावा. सात वार, सात राजे."

किसनरावांनी हे हसण्यावारी नेलं, पण ओट्यावरची गोष्ट सकाळी कचेरीत पोचली होती. आठवड्यानं नाटक असं झालं की राज्य एकच, राजे सात. सोमवारचे राजे रामराव. मंगळवारचे देवराव, तो मारुतीचा वार म्हणून त्यांनीच मागून घेतला. बुधवारचे शालिकराम. पुढे राणी, हेर आणि जावक कारकून, तिघेही पुरुष आणि तिघेही राजे. प्रत्येकाला एक तलवार, एक गाणं, एक मंत्र आणि एकदा मरून उठायची सोय. कोणाचं कोणापेक्षा रतीभर कमी नाही. एकच प्रवेश सहा वेळा होणार होता, पण तो कोणाला खटकत नव्हता, कारण प्रत्येकजण त्यातला आपलाच तेवढा ऐकत होता.

"आन माझा?" किसनरावांनी विचारलं.

"तुमी लेखक," रामराव म्हणाले. "लेखक मागं राहते. तुमचा रविवार."

साहेबांनी त्यावर फक्त एवढंच म्हटलं की रविवारी दरबाराला सुट्टी असली पाहिजे, सरकारी कचेरीचं नाटक आहे. तेव्हा रविवारच्या राजाचं काम असं ठरलं: मुकुट घालून यावं, सिंहासनावर बसावं, "आज दरबारास सुट्टी आहे" असं म्हणावं आणि उठून जावं. किसनरावांनी ते मान्य केलं. आईनं खुर्ची विचारली होती, भाषण विचारलं नव्हतं.

राहता राहिला शेवट. सगळेच राजे झाल्यावर पाया कोणी कोणाच्या पडायचं? किसनरावांना वाटलं, चला, निदान ती ओळ तरी आपोआप गेली.

"शेवट त ठेवाच लागन," रामराव म्हणाले. "लोकांले शेवटी पाया पडनं पाह्याचं असते. सेवक आहे ना. सेवक सातही राजांच्या पाया पडन. पडदा."

याच्यावर कोणालाच हरकत नव्हती. अशा रीतीनं नाटकाचा तोल साधला. आधी पुष्कळ माणसं एका माणसाच्या पाया पडणार होती, आता एक माणूस पुष्कळांच्या पडणार होता. एकूण नमस्कार जवळपास तेवढेच राहिले. सेवकाचं काम कचेरीचा शिपाई श्रावण याला दिलं, त्याला न विचारता.

पुढचं संकट मुकुटांचं. ड्रेसवाल्याकडे मुकुट एकच. सहा राजे पुठ्ठ्याच्या मुकुटात आणि एक पितळेच्या, हे तोलात बसेना. म्हणून पितळेचा परत पाठवला आणि सगळे पुठ्ठ्याचेच करायचं ठरलं. करायचे कोणी? लेखकानं. ललिता तीन दिवस खळ शिजवून सोनेरी कागद चिकटवत बसली. शेवटच्या मुकुटाला हिरवा कागद लावता लावता ती एकदम म्हणाली, "माह्या हातचं पानी चालत नाही रामरावले. मुकुट चालते?"

"ते चहा पेतात आपल्याकडे."

"कधी पेला? आले तवा म्हने आत्ताच पिऊन आलो. दरखेपी आत्ताच पिऊन येते ते."

किसनरावांनी रविवारचा मुकुट उचलून डोक्यावर घालून पाहिला. तो त्यांना बरोबर बसला. ललितानं तो सगळ्यांत आधी केला होता आणि त्याला आतून आपल्या जुन्या लुगड्याची मऊ पट्टी लावली होती.

अकोल्याला जायला एस.टी. लाकडी तलवारी पाहून कंडक्टर अडला. हत्यारं आत नेता येत नाहीत, असं तो म्हणाला. हत्यारं खोटी आहेत, असं देवराव म्हणाले. खोटी असोत का खरी, लागलं त लागते, असं कंडक्टर म्हणाला, आणि याला तोड नव्हती. तलवारी टपावर गेल्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे कुठल्यातरी खड्ड्यात एक उडाली. ती नेमकी शालिकरामांची निघाली. बुधवारच्या राजाला तलवार नाही आणि बाकीच्यांना आहे, हे चालणं शक्यच नव्हतं. तोलासाठी बाकीच्याही तलवारी पेटीत बंद झाल्या. राजे निःशस्त्र होऊन अकोल्यात शिरले.

प्रयोग दुपारी तीनचा होता. मांडवात सतरंज्या अंथरलेल्या, पुढे परीक्षकांच्या खुर्च्या. किसनरावांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं तर बायकांच्या बाजूला, अगदी पुढच्या सतरंजीवर, मैनाबाई बसली होती. धुवट पांढरं लुगडं, मांडीवर भाकरीचं गाठोडं. तिच्यामागे गावची चार-पाच माणसं. दर्यापूरला लागून असलेल्या बनोश्याहून छोट्या आगगाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठी गाडी, पहाटेचे निघालेले. ती शेजारच्या अनोळखी बाईला काहीतरी सांगत होती आणि पडद्याकडे बोट दाखवत होती. किसनरावांनी फट बंद केली.

तेवढ्यात आत गलका झाला. श्रावण सेवकाचा अंगरखा घालायला तयार नव्हता. पोट दुखते, असं त्यानं साहेबांना सांगितलं. किसनरावांनी त्याला कोपऱ्यात नेऊन विचारलं.

"पोट कायचं दुखते," श्रावण हळू आवाजात म्हणाला. "कचेरीत वाकतो, त्याचा पगार भेटते. इथं एवढ्या लोकाईसमोर फुकट काहून वाकू? मले राजा करा म्हना. मंग पाहा पोटाचं दुखनं कसं राहून जाते."

यात चुकीचं काहीच नव्हतं आणि त्याला पाठवून देण्याशिवाय दुसरं काही करताही येत नव्हतं. सेवकाशिवाय नाटक उभं राहीना. सहाही प्रवेशांत राजा हुकूम करतो तो सेवकालाच. सगळे राजे झाल्यावर हुकूम ऐकायला तोच एक उरला होता. राजांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून रविवारकडे पाहिलं.

"भाषणं पाठ तुम्हालाच आहेत खंडारे," साहेब म्हणाले. "आणि रविवारचा राजा कथानकाला आवश्यक आहे का? सुट्टीच तर आहे."

"साहेब, माझी आई आली आहे," किसनराव म्हणाले.

"अरे वा. मग तर उत्तमच. राजा म्हणून ती तुम्हाला मिनिटभरच पाहणार होती. सेवक प्रत्येक प्रवेशात आहे."

साहेबांच्या मनात खरोखरच वाईट काही नव्हतं. हीच त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट होती. किसनरावांना नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर नाटक पडलं असतं, ते त्यांनी पाडलं असं झालं असतं, आणि बाहेर बसलेल्या आईला नाटकच दिसलं नसतं. त्यांनी श्रावणचा अंगरखा घातला. तो त्यांना आखूड होत होता.

प्रयोग कसा झाला हे थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यात सांगण्याइतकाच तो बरा होता. सोमवारचे राजे रामराव आपलं काम संपल्यावर आत जाईनात, कारण आत गेलं की दिसत नाही. मग मंगळवारचेही जाईनात. तिसऱ्या प्रवेशापर्यंत मंचावर राजांची गर्दी झाली आणि सिंहासन एक. शालिकराम टेकायला गेले तर तिथे देवराव आधीच बसलेले. लोक हसू लागले, मग शिट्या मारू लागले, मग आपापसांत बोलू लागले.

त्या गर्दीतून एक माणूस पाण्याचा तांब्या घेऊन वाट काढत फिरत होता. हुकूम झाला की तो मान न वर करता वळायचा. तांब्या देताना हात लांब करायचा आणि अंग मागे ठेवायचा. बोलावलं नसताना भिंतीला लागून उभा राहायचा, आणि उभा असा राहायचा की जागा कमी लागावी. किसनराव काही ठरवून करत नव्हते. अंगात ते कुठून येत होतं हे त्यांना कळत होतं, आणि म्हणूनच त्यांना ते थांबवायचं होतं, पण थांबत नव्हतं. हळूहळू मांडव शांत झाला. लोक राजांकडे पाहीनासे झाले.

शेवट आला. किसनराव एकेका राजाच्या पायावर डोकं ठेवत गेले. रामरावांच्या पायाशी आले तेव्हा रामरावांनी दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवून संहितेत नसलेला मोठा आशीर्वाद दिला. त्यांचा आवाज भरून आला होता. अख्ख्या नाटकात रामरावांनी तेवढंच काम मनापासून केलं.

नाटकाला काही मिळालं नाही. मिळण्यासारखं नव्हतंच. पण उत्कृष्ट अभिनयाचा चांदीचा कप सेवकाला जाहीर झाला. अध्यक्ष म्हणाले, इतकी नैसर्गिक भूमिका आम्ही क्वचितच पाहिली. कुठेही नाटक वाटलं नाही. टाळ्या पडल्या. साहेबांनी किसनरावांची पाठ थोपटली आणि म्हणाले, "अहो, तुम्ही पहिल्यापासूनच सेवक का नाही झालात?"

"मी तेच म्हणत होतो," रामराव म्हणाले. "ज्याचं काम त्यालेच शोभते. तोल तोल म्हणतो तो हाच." आणि त्यांनी सगळ्यांसमोर किसनरावांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या वर्षीचं नाटक सेवकावरच लिहावं, असं तिथल्या तिथे ठरलं. सेवक कोणी व्हायचं यावर मात्र अजिबात चर्चा झाली नाही.

मांडव रिकामा झाल्यावर किसनराव बाहेर आले. निंबाच्या सावलीत मैनाबाई गावच्या माणसांना भाकरी वाटत होती. ती माणसं किसनरावांकडे न पाहता जेवत होती. गावात सांगायला त्यांच्याजवळ काय राहिलं होतं? किसनराव आईच्या पुढ्यात बसले. वाटेत त्यांनी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. राजाचं काम माझंच होतं, मीच लिहिलं, शेवटच्या घटकेला शिपाई अडला.

"बक्षीस भेटलं म्हने," मैनाबाई म्हणाली.

"हो. चांदीचा कप."

"पाहू."

"तो साहेबांकडे आहे. कचेरीच्या कपाटात ठेवतात. कचेरीचं नाव होते ना."

मैनाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा ठेवला आणि तो लेकाच्या हातात दिला. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर किसनरावांना सोपं गेलं असतं.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली. "हेच काम तुह्या बापानं केलं पाटलाच्या घरी, मरेपरयंत. तुह्यावून चांगलं केलं त्यानं. त्याचंबी सारं पाटलाच्याच कोठ्यात जाये."